रविवार सकाळची चित्रगीतं: गाणी चांगली असूनही हॉल रिकामा का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका सोसायटीत ज्येष्ठ रहिवाशांसाठी दर रविवारी सकाळी तासाभराचा हिंदी चित्रगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, दूरदर्शनच्या 'रंगोली'च्या धर्तीवर. मोठा टीव्ही, चांगला स्पीकर, एकाहून एक गाजलेली गाणी. पहिल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. महिन्याभरात दहा-बारा माणसं उरली आणि त्यांतलीही काही मधेच उठून जायला लागली. गाण्यांची निवड कुठे चुकते, निवेदन लागतंच का आणि हाच कार्यक्रम पुढे यूट्यूबवर टाकता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी दूरचित्रवाणीवरच्या चित्रगीतांच्या कार्यक्रमांचं संकलन आणि संहितालेखन बरीच वर्षं केलं. आता ज्येष्ठ नागरिक संघांसाठी असेच कार्यक्रम बांधते. तुमची यादी लक्षपूर्वक वाचली. तिच्यात एकही वाईट गाणं नाही. चौदाच्या चौदा गाणी शिखरावरची आहेत, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. निवडीवर तुम्ही भरपूर कष्ट घेतलेत, मांडणीवर जवळजवळ नाहीत. त्यातच पहिल्या चार आठवड्यांत सगळं उत्तमोत्तम वाढून टाकलंत, त्यामुळे पाचव्या रविवारी काय येणार याची कुणाला उत्सुकताच उरली नाही.

'रंगोली' ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून लोकांच्या रविवारात आहे. सुरुवातीला हेमा मालिनी निवेदन करायच्या, पुढे साक्षी तन्वर, स्वरा भास्कर अशा निवेदिका बदलत गेल्या. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर गुरुवारी 'छायागीत' असायचं, दिल्लीहून 'चित्रहार' यायचं. अर्ध्या तासात पाच-सहा गाणी बसायची. त्या काळी दुसरी वाहिनी नव्हती, हे यशाचं एक कारण होतंच. तेवढ्यावर मात्र कुठलाही कार्यक्रम इतकी वर्षं टिकत नाही. आपल्या आवडीचं गाणं आज लागेल की नाही, हे प्रेक्षकाला माहीत नसायचं. तीन अनोळखी गाण्यांनंतर एकदम हवं ते गाणं समोर आलं की सगळं घर टीव्हीपुढे जमायचं. आता प्रत्येकाच्या फोनवर सगळी गाणी आहेत. तुमच्या हॉलमध्ये यायचं कारण एवढंच राहतं की दुसऱ्या कुणीतरी विचार करून गाणी लावली आहेत आणि ती चार माणसांत बसून बघायची आहेत. कार्यक्रम बांधताना ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट. 'ज्येष्ठ' ही एक पिढी नाही. ऐंशी ओलांडलेल्या आजींचं तरुणपण साधारण १९६० ते ६८मधलं. बासष्ट वर्षांचे काका कॉलेजात होते तेव्हा किशोरकुमार आणि आर. डी. बर्मन ऐन भरात होते. माणसाला आयुष्यभर सगळ्यात घट्ट चिकटलेली गाणी बहुधा दहा ते पंचविशीच्या वयात ऐकलेली असतात, हा माझा अनुभव आहे आणि स्मृतीचा अभ्यास करणारेही तेच सांगतात. तुमच्या यादीत चौदापैकी अकरा गाणी पन्नासच्या दशकातली आहेत. म्हणजे ज्येष्ठांसाठी म्हणून तुम्ही त्यांच्या आईवडिलांची गाणी लावलीत. 'जुनं म्हणजे कृष्णधवल' ही समजूत आधी सोडा. हॉलमध्ये कोण येतं ते बघा, त्यांची जन्मवर्षं सहज गप्पांतून विचारून घ्या आणि त्या हिशेबाने यादीतलं प्रमाण ठरवा. सोसायटीत बहुतेक साठी-सत्तरीतले असतील तर निम्म्याहून अधिक गाणी १९६८ ते ८२मधली असायला हरकत नाही.

मांडणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुख्य काम तेच आहे. तासाभरात दहा गाणी पुरेत, फार तर अकरा. चौदा गाणी लावलीत की बोलायला, हसायला, 'अरे, हे तर आम्ही प्लाझाला पाहिलं होतं' असं शेजाऱ्याला सांगायला वेळच उरत नाही. या दहांत तीन-चार सर्वांना माहीत असलेली, तीन अर्धवट विसरलेली, एक-दोन बहुतेकांनी कधी पाहिलीच नाहीत अशी आणि एक फर्माईश. अर्धवट विसरलेलं गाणं सगळ्यात मोलाचं. पहिली ओळ ऐकली की माणूस खुर्चीत पुढे सरकतो आणि दुसऱ्या ओळीला ओठ हलायला लागतात. असा क्षण तासात दोनदा आला तरी पुढच्या रविवारी ती व्यक्ती परत येते.

शेजारी शेजारी कोणती गाणी बसवायची, हे नुसतं कागदावर ठरवू नका, कानांनी ऐकून ठरवा. तुमच्या यादीत तिसरं, चौथं आणि पाचवं गाणं लताबाईंचं, तिन्ही संथ आणि तिन्ही विरहाची. प्रत्येक गाणं सुटं ऐकलं तर अप्रतिम आहे. एकापाठोपाठ एक ऐकल्यावर मात्र तिसऱ्याचं तेज उतरतं, आणि तुमच्याच वर्णनाप्रमाणे माणसं उठली ती नेमकी तेव्हाच. माझा साधा नियम असा: सलग दोन गाण्यांत गायक, लय आणि भाव या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी बदलल्या पाहिजेत. लताबाईंनंतर आशाताई किंवा गीता दत्त, नाहीतर पुरुष आवाज. संथ दादऱ्यानंतर उडता केरवा. सुमन कल्याणपूर यांची गाणी जरूर ठेवा. 'ब्रह्मचारी' (१९६८)मधलं 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' लताबाईंचं नसून सुमनताईंचं आहे, हे सांगितलं की हॉलमध्ये अजूनही चर्चा सुरू होते. रॉयल्टीच्या वादामुळे साठच्या दशकात काही वर्षं लताबाई आणि रफीसाहेब एकत्र गात नव्हते. त्या काळात रफींबरोबरची कितीतरी युगुलगीतं सुमनताईंकडे आली. एवढी माहिती दोन वाक्यांत सांगता येते आणि त्यानंतर प्रेक्षक तेच गाणं वेगळ्या कानाने ऐकतो.

सुरुवात सकाळच्या सुराची असावी. मी अनेकदा 'भाभी की चूड़ियाँ' (१९६१)मधलं 'ज्योति कलश छलके' घेते. संगीत सुधीर फडक्यांचं, चित्रपट मराठी 'वहिनींच्या बांगड्या'वरून घेतलेला, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. विविध भारतीच्या उभारणीत शर्माजींचा मोठा वाटा होता आणि पुढे रविवार सकाळ गाजवणाऱ्या 'महाभारत' मालिकेशीही ते जोडलेले होते. रविवारच्या कार्यक्रमाची सुरुवात करायला याहून योग्य गाणं मला तरी सापडलेलं नाही. त्यानंतर लगेच दुसरं भक्तिगीत नको. 'नया दौर' (१९५७)मधलं 'माँग के साथ तुम्हारा' लावा. ओ. पी. नय्यर यांचा तो टांग्याचा ठेका सुरू झाला की हॉल जागा होतो. त्यानंतर भगवानदादांचं काहीतरी, म्हणजे 'अलबेला' (१९५१)मधलं, संगीत सी. रामचंद्रांचं. मग कुठे एक खोल, शांत गाणं. दुःखी गाणं मधोमध ठेवावं, शेवटी कधीच नाही. आपल्या प्रेक्षकांत जोडीदार गेलेली माणसं असतात. गाणं ऐकताना कुणाचे डोळे भरून आले तर त्यात वाईट काहीच नाही, पण त्यांना तसंच घरी पाठवू नये. एका संघात एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अमुक एक गाणं माझ्या पत्नीचं होतं, ते कधी लावू नका. ते गाणं मी त्या हॉलमध्ये परत लावलं नाही. तुम्हीही अशी नोंद ठेवा.

शेवटच्या गाण्याची जागा ठरलेली असू द्या. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटसंगीताचा कार्यक्रम रोज कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने संपायचा. सैगल १९४७ साली गेले, पण त्यांच्या त्या रोजच्या गाण्यावर लोक पुढे कित्येक वर्षं घड्याळ लावत होते. बाकी सगळं अनपेक्षित आणि एकच गोष्ट पक्की, ही रचना मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. तुम्ही सैगलच घ्यावेत असं नाही. शेवटचं गाणं नेहमी फर्माइशीचं ठेवा, किंवा नेहमी किशोरकुमारचं. मात्र ते दर आठवड्याला पाळा.

विषय ठरवून कार्यक्रम करण्याचा मोह फार होतो. 'पावसाची गाणी', 'चंद्राची गाणी', 'रफी विशेष'. तासभर पाऊस पडला की पाचव्या गाण्याला छत्री मिटून माणसं घरी जातात. तीन गाण्यांपुरता धागा धरा आणि सोडून द्या. ३१ जुलैला रफी, २७ ऑगस्टला मुकेश, १३ ऑक्टोबरला किशोरकुमार यांचे स्मृतिदिन येतात, तेव्हासुद्धा त्यांना अर्धा तास द्यावा, पूर्ण नको.

आता चित्राकडे वळते. तुमचा कार्यक्रम बघायचा आहे, त्यामुळे गाणी निवडताना आवाज पूर्ण बंद करून एकदा नुसतं चित्र पाहा. कानाला गोड असलेली कितीतरी गाणी पडद्यावर कंटाळवाणी आहेत. नायक झाडाला टेकून उभा आणि कॅमेरा हलत नाही. उलट मध्यम प्रतीचं गाणं चित्रणामुळे जिवंत होतं. 'मंज़िल' (१९७९)मधल्या 'रिमझिम गिरे सावन'ची लताबाईंची आवृत्ती घ्या. अमिताभ बच्चन आणि मौसमी चॅटर्जी भर पावसात मुंबईच्या रस्त्यांवरून भिजत फिरतात. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, जुन्या टॅक्सी. ठाण्याच्या हॉलमध्ये हे गाणं लावलंत तर लोक नायक-नायिकेकडे बघणारच नाहीत. 'हे बघ, हे चर्चगेटच्या इथलं', 'आमचं ऑफिस याच्या मागे होतं' असं सुरू होईल. त्या गडबडीला आवरू नका. ज्यांनी सगळी नोकरी लोकलने मुंबईला जाऊन केली, त्यांना आपलं शहर सत्तरच्या दशकातल्या रूपात पुन्हा दिसत असतं.

प्रतीची तपासणी हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. चार गोष्टी बघा. पहिली, चौकट. जुन्या चित्रपटांची चौकट चौकोनाच्या जवळची असते, साधारण ४:३. रुंद टीव्हीवर ती ताणली की माणसं बुटकी आणि जाड दिसतात, आणि कापली की डोकी आणि पाय जातात. नृत्याचे पाय कापणं म्हणजे नृत्यच कापणं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मूळ आकार निवडा, बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. दुसरी, चित्रातली हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय ('मोशन स्मूदिंग') बंद करा, तिच्यामुळे जुनं चित्रण मालिकेसारखं दिसायला लागतं. तिसरी, गाण्याची आवृत्ती. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून चित्रपटातलं जास्तीचं कडवं तबकडीवर नसायचं. इंटरनेटवर अनेकदा चित्रपटातल्या दृश्यावर तबकडीचा आवाज चिकटवलेला असतो आणि ओठ जुळत नाहीत. पूर्ण चित्रपटातून काढलेली फीत मिळवा, आणि विसरलेलं कडवं पडद्यावर आलं की लोकांचे चेहरे बघा.

चौथी गोष्ट सुराची, आणि ती गाणारी मंडळी लगेच ओळखतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपलं जुनं दूरदर्शन २५ चौकटींनी चालायचं. त्यामुळे प्रक्षेपणात चित्रपट साधारण चार टक्के वेगाने पळायचा. चार मिनिटांचं गाणं दहा-एक सेकंद लवकर संपायचं आणि सूर किंचित चढायचा. काळी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसायचं. पुढे काही डीव्हीडींतही हाच फरक राहिला. तुमच्याकडे एखादे हार्मोनियम वाजवणारे आजोबा असतील आणि 'हे गाणं वरच्या सुरात लागतंय' असं म्हणाले, तर त्यांचं बरोबर आहे. वेग थोडा कमी करणारे साधे प्लेअर मिळतात, ते वापरा.

आवाजाबद्दल एवढंच: वय वाढतं तसा कान वरच्या पट्टीचे बारीक आवाज आधी गमावतो. त्यामुळे आवाज नुसता मोठा करून शब्द कळत नाहीत, त्रास मात्र वाढतो. बास कमी करा, कृत्रिम 'सराउंड' बंद करा, स्पीकर जमिनीवरून उचलून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा. गाणं चालू असताना पंख्याचा वेग एक खूण कमी केला तरी फरक पडतो.

निवेदन लागतंच का? माझ्या मते लागतं, पण चाळीस ते साठ सेकंदांचं. 'अजरामर', 'अवीट गोडीचं', 'मनाला भिडणारं' ही विशेषणं पूर्ण वगळा. गाणं तसं आहे की नाही ते लोक ऐकून ठरवतील. निवेदनाने डोळ्यांना किंवा कानांना शोधायला काहीतरी द्यावं. 'काग़ज़ के फूल' (१९५९)मधलं 'वक़्त ने किया' लावणार असाल तर एवढंच सांगा: हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा चित्रपट, छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून गाण्यातला तो प्रकाशाचा मोठा झोत तयार केला, आणि या गाण्यात पडद्यावर कुणीही ओठ हलवत नाही, गीता दत्तचा आवाज नुसता त्या प्रकाशात फिरतो. हे कळलेला प्रेक्षक चार मिनिटं पापणी लवू देत नाही. किंवा 'आराधना' (१९६९)मधलं 'मेरे सपनों की रानी': जीपमधला राजेश खन्ना दार्जिलिंगच्या रस्त्यावर आहे, आगगाडीतल्या शर्मिला टागोर यांचं चित्रण नंतर मुंबईच्या स्टुडिओत झालंय. आता दोघं एका चौकटीत दिसतात का ते शोधा.

पडद्यामागची आपली माणसंही निवेदनात आणा. अनेकांना संगीतकारांची नावं पाठ असतात, वादक आणि अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ रचणारे, माहीत नसतात. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा होते. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट गोव्याच्या हळदोण्याचा. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, आणि 'अमर अकबर अँथनी' (१९७७)मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव त्यांचंच. स्वतः सी. रामचंद्र पुणतांब्याचे. सोसायटीत एखादं गोव्याचं कुटुंब असेल तर हा भाग त्यांनाच बोलायला द्या. निवेदक दर रविवारी वेगळा असला तरी चालतो. लिहिलेलं वाचून दाखवणाऱ्यापेक्षा, एका गाण्याबद्दल मनापासून बोलू शकणाऱ्या माणसाला ते एक गाणं सोपवा.

एक वही ठेवा. गाणं, चित्रपट, साल, गायक, संगीतकार, गीतकार, लय, कृष्णधवल की रंगीत, आणि कधी लावलं ती तारीख. ठरलेली जागा सोडली तर तीन महिने एकही गाणं परत नको. स्मरणशक्तीचा आजार असलेली मंडळी तुमच्याकडे येत असतील तर हा नियम उलटा करा. त्यांना ओळखीचं तेच गाणं पुन्हा पुन्हा मिळाल्यानेच आधार वाटतो.

राहता राहिलं यूट्यूब. हॉलमधला विनाशुल्क कार्यक्रम आणि इंटरनेटवरचं प्रसारण यांत कायद्याने फार अंतर आहे. रहिवाशांच्या सामायिक हॉलमध्ये ध्वनिमुद्रित गाणी ऐकवण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये सवलत आहे. चित्रफीत दाखवणं हा वेगळा हक्क आहे, त्यामुळे तिकीट, प्रायोजक किंवा बाहेरचा प्रेक्षक आला की परवान्याशिवाय पुढे जाऊ नका. यूट्यूबसाठी 'साठ वर्षं झाली की मोकळं' हा हिशेब अपुरा पडतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे १९६१च्या चित्रपटाचा २०२१अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. 'ज्योति कलश छलके'चंच बघा: नरेंद्र शर्मा १९८९ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. म्हणजे शब्द २०४९अखेरपर्यंत आणि चाल २०६२अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यामुळे गाण्यांसकट कार्यक्रम अपलोड करू नका. तुमच्या रहिवाशांनी गाण्यांबद्दल सांगितलेल्या आठवणी मात्र त्यांची परवानगी घेऊन जरूर रेकॉर्ड करा आणि त्या टाका. तो ऐवज पूर्णपणे तुमचा आहे.

येत्या रविवारसाठी एवढंच करा. चौदातली चार गाणी काढा, तीन लताबाईंची गाणी लांब लांब टाका, 'रिमझिम गिरे सावन' सातव्या जागी घ्या आणि संपल्यावर चहासाठी पंधरा मिनिटं राखून ठेवा. त्या चहाच्या वेळी जी तीन-चार गाणी लोकांच्या तोंडी येतील, ती लगेच वहीत उतरवा. त्याच्या पुढच्या रविवारची यादी तिथूनच सुरू करा.